कसरतीचा कैवार

"उपयोग काय?" हा दोन शब्दांचा प्रश्न विचारणारास आपल्या समाजात शहाणा म्हणण्याची रीत पडली आहे. हा प्रश्न विचारणारास स्वतः काहीच ठाऊक असावे लागत नाही; ज्याने उत्तर द्यावयाचे त्यासच सारे ठाऊक असावे लागते. इतक्या स्वस्तात शहाणपण मिळत असल्यामुळे त्याचा खप मोठा आहे. प्रस्तुत लेख या प्रश्नाविरुद्ध आहे. तो ज्या निमित्ताने सुचला ते निमित्त पुष्कळांस क्षुल्लक आणि कित्येकांस पोरकट वाटेल. तथापि क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवरूनच समाजाची नाडी अधिक बिनचूक कळते, असा आमचा अनुभव असल्यामुळे ते निमित्तच आम्ही प्रथम सांगून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी इंदापूर तालुक्यातील एका पडीक माळाच्या कडेस आम्ही उभे होतो. उसाचा हंगाम चालू होता. रस्त्यावरून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेस लागले होते. माळावर चारपाच तरुण, एक जुनी मोटार आणि जमिनीवर ठेवलेले एक हेलिकॉप्टर, एवढाच सरंजाम होता. हेलिकॉप्टर म्हणजे बिनतारी लहरींनी दुरून चालविण्याची प्रतिकृती. पंख्याचा व्यास सुमारे दीड मीटर, वजन पाच किलोच्या आसपास. त्यांपैकी एका तरुणाने गळ्यात अडकविलेल्या पेटीवरील दोन दांड्यांवर अंगठे ठेविले, आणि पुढील पाच मिनिटे त्या यंत्राने आकाशात जे केले ते पाहून रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. ते सरळ वर चढले, शिखरावर उलटे झाले आणि उलटेच स्थिर राहिले. मग पाठीवर निजल्यासारखे खाली उतरून वाळल्या गवताच्या शेंड्यांवरून हातभर अंतराने सरकत गेले. पुढे नाक आकाशाकडे करून ते लंबकासारखे डोलू लागले, आणि शेवटी स्वतःभोवती गिरक्या घेत घेतच कोलांट्या खाऊ लागले. वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे पाहणारास कळेनासे झाले. चालविणारास मात्र ते क्षणोक्षणी कळत होते.

यंत्र उतरले तेव्हा गर्दीतील एक प्रतिष्ठित आणि सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "एवढ्या पैशांत ड्रोन आला असता, तर चार एकर ऊस तरी फवारून झाला असता. याचा उपयोग काय?" सर्व हसले. तो तरुणही हसला, आणि खाली मान घालून पंख्याची पाती पुसू लागला. त्याचे ते हसणे आम्हांस झोंबले. कारण तसेच हसणे आम्ही पूर्वी एकदा पाहिले होते. ते कोठे, हे पुढे येईलच.

ज्याची निंदा करावयाची ते काय आहे, हे आधी समजून घेणे न्यायाचे. ड्रोन आणि हे हेलिकॉप्टर ही एकाच जातीची यंत्रे आहेत असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. शेतावरील ड्रोन हा सेवक आहे. तो आपली जागा उपग्रहांकडून विचारून घेतो, आपला तोल संगणकाकडून सांभाळून घेतो, आणि चालकाने दोन्ही हात काढून घेतले तरी आज्ञाधारकपणे जागच्या जागी उभा राहतो. आम्ही त्याची निंदा करीत नाही. पाठीवर पंप बांधून उसाच्या फडात औषध फवारणाऱ्या मजुराचे हाल ज्याने पाहिले आहेत तो ड्रोनास नावे ठेवणार नाही. आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५,००० महिला बचतगटांना असे ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली, ती स्तुत्यच होय. परंतु सेवकाचे गुण ते सेवकाचे. त्या मापाने नर्तकाचे मोल करणे यास शहाणपण म्हणत नाहीत.

हेलिकॉप्टराची गोष्ट निराळी. त्यास वर एक मोठा पंखा आणि शेपटीस एक लहान. कसरतीच्या यंत्रात मोठ्या पंख्याचा वेग साधारणपणे स्थिर ठेवितात, मिनिटास सुमारे दोन हजार फेरे. बदलतो तो पात्यांचा कोन. पाती एका बाजूस बाराएक अंश कलली की यंत्र वर उसळते. तितकीच दुसऱ्या बाजूस कलली की ते खाली ढकलले जाते. आणि यंत्र उलटे असेल तर त्याच "खाली"चे "वर" होते. उलटे उडण्याचे सारे रहस्य एवढ्यात आहे. चालकाच्या दोन अंगठ्यांच्या हाती चार आज्ञा: पाती कलविणे, यंत्र पुढेमागे झुकविणे, डावीउजवीकडे झुकविणे आणि शेपटी फिरविणे. या चारींचा मेळ सेकंदाच्या अंशाअंशात बसावा लागतो, आणि चालकाने लक्ष काढले तर यंत्र स्वतः होऊन सावरत नाही. आजच्या यंत्रांत जायरोस्कोप आणि विद्युत्-मेंदू असतो, हे खरे. परंतु तो मुख्यतः आज्ञेबरहुकूम कल राखण्याचे काम करितो. चालकाने उलटे ठेविले तर तो उलटेच ठेवितो, पडू लागले तर पडूच देतो. संकटकाळी सरळ करणारी कळ काहींत बसविलेली असते. पण कळ दाबून सावरलेल्या कसरतीस कसरत म्हणत नाहीत, हे त्या मंडळींतील नवखाही जाणतो.

पण खरी मेख पुढेच आहे. यंत्राची शेपटी चालकाकडे असते तोवर त्याचे उजवे ते चालकाचे उजवे. यंत्राने तोंड फिरवून चालकाकडे पाहिले की उजव्याचे डावे होते, आणि "पुढे" म्हटले की ते अंगावर येते. ते उलटे झाले की वरखाली बदलते. उलटे होऊन तोंडही फिरविले की या दोन बदलांचा गुणाकार होतो. आणि गिरकी घेत कोलांटी मारू लागले की हा गुणाकार प्रत्येक क्षणी नवा. हे सूत्रे पाठ करून साधत नाही. साधते ते एकाच उपायाने: चालकाने स्वतःचे डावेउजवे विसरून त्या यंत्राच्या आत जाऊन बसावयाचे. जमिनीवर पाय रोवून उभा असलेला तो तरुण पाच मिनिटे स्वतःच्या देहात नसतो. दुसऱ्याच्या जागी जाऊन, दुसऱ्याच्या तोंडाने जग पाहणे ही जर शिक्षणाची एक कसोटी असेल, तर ती आमच्या किती पदवीधरांस उतरेल, याचा हिशेब आम्ही वाचकांवरच सोपवितो.

"प्रतिकृती" या शब्दानेही पुष्कळ घोटाळा केला आहे. प्रतिकृती म्हणजे नक्कल, नक्कल म्हणजे खेळणे, आणि खेळणे म्हणजे पोरांचे, अशी ही अनुमानमालिका आहे. आता गंमत पाहा. माणसे वाहून नेणारे खरे हेलिकॉप्टर पाठीवर निजून आकाशात स्थिर राहू शकत नाही. त्याच्या पंख्याची रचना, पात्यांचा कोन, तेलाचे मार्ग, सर्व काही एकाच दिशेने भार उचलण्याकरिता योजिलेले असते. जर्मनीच्या बीओ-१०५ सारखी ताठ पंख्याची काही मोजकी हेलिकॉप्टरे कोलांटी मारतात. पण तीही वेगाच्या जोरावर कोलांटीपुरती, उलटे ठाण मांडण्याकरिता नव्हे. म्हणजे अस्सलास जे साधत नाही ते नकलेस साधले आहे! १९७० च्या सुमारास डीटर श्लूटर या जर्मन अभियंत्याने बिनतारी हेलिकॉप्टर हुकमतीत आणून दाखविले, तेव्हा ते जमिनीपासून उचलून सुखरूप परत ठेवणे हाच पराक्रम होता. तेथून उलट्या नृत्यापर्यंतचा प्रवास कोणा सेनापतीच्या हुकमावरून किंवा कारखानदाराच्या मागणीवरून झालेला नाही; तो मुख्यतः हौशी माणसांनी रविवारच्या सुट्ट्यांत केला. आज आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत या हेलिकॉप्टरांचे दोन वर्ग आहेत: एकात आखीव आकृत्यांचा काटेकोरपणा तपासतात, दुसऱ्यात स्वैर कसरत आणि संगीताच्या तालावरचे उड्डाण. ज्यास कोणी "खेळणे" म्हणून हिणवितो त्याचे व्याकरण इतके पुढे गेलेले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप निरुपयोगितेचा. ज्या तालुक्यात तो आम्ही ऐकिला त्याच तालुक्यात बेलवाडी आहे. दर आषाढवारीस तुकोबांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण तेथे होते. पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, आणि मग अश्व धावतो. अश्व जेथून निघतो तेथेच परत येतो. तो कोणाचा निरोप पोहोचवीत नाही, ओझे वाहत नाही. तरीही हजारो लोक श्वास रोखून त्याची दौड पाहतात, आणि ती संपल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळास लावितात. आम्ही रिंगणाची आणि यंत्राची बरोबरी करीत नाही. रिंगणामागे भक्ती आहे, यंत्रामागे तसा दावा कोणी केलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जो समाज वर्षातून एकदा सर्व कामे टाकून निव्वळ सुंदर गती पाहावयास जमतो, त्याने गतीकडे उपयोगाची पावती मागणे हे आपल्याच स्वभावास विसरणे आहे. मल्लखांबाचेच पाहा. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ती विद्या पुन्हा ऊर्जितावस्थेस आणिली. तो खांब कुस्तीच्या तयारीकरिता, असे म्हणता येईल. पण खांबाच्या बोंडावर पद्मासन घालून कोणती कुस्ती जिंकली जाते? तयारी केव्हाच मागे राहिली, आणि कसरत स्वतःच विद्या झाली. तिचा आज महाराष्ट्रास अभिमान आहे, आणि तो यथार्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो आमच्यासारख्या ग्रंथोपजीवी लोकांकडून येतो. "ठीक आहे, कौशल्य आहे, पण ही नुसती कसरत. कला नव्हे." या "नुसत्या" शब्दाचे कूळ शोधावयास बारामतीहून दूर जावयास नको. आर्यांचा सम्राट मोरोपंत बारामतीचा. १७९४ मध्ये तो वारला, आणि तेव्हापासून आजतागायत त्याच्यावर शब्दांच्या कसरतीचा आरोप चालू आहे. परंपरा सांगते की त्याने एकशे आठ रामायणे रचिली. त्यांतील एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ज्यात ओठ मिटून उच्चारावयाचे वर्ण येऊ द्यावयाचे नाहीत. वाचकांनी क्षणभर थांबून या पणाचा विचार करावा. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य म्हणजे "म" वर्ज्य. आणि "म" वर्ज्य म्हणजे "राम" हा शब्दच वर्ज्य! रामाची कथा सांगावयाची आणि रामाचे नाव घ्यावयाचे नाही. संस्कृतात दंडीने दशकुमारचरिताच्या एका उच्छ्वासात असाच पण घातला होता. पण तेथे कथा सांगणाऱ्या कुमाराचे ओठच प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले, अशी सोय कवीने करून ठेविली होती. मोरोपंताने सबब सांगितली नाही. हे उलटे उड्डाण नव्हे तर काय? यास काव्य म्हणावे की न म्हणावे, हा वाद खुशाल चालो. पण ज्याने हे साधले त्याची भाषेवर जी हुकमत बसली तिच्याच बळावर केकावलीतील आर्त स्वर त्याच्या कंठातून अडखळल्यावाचून निघाला, हे आमचे मत आहे. कसरत कलेची वैरीण नव्हे. ती कलेची तालीम आहे. आणि कधी कधी, न सांगता, कलाच.

येथे आम्हांस आमच्याच एका अपराधाची कबुली देणे प्राप्त आहे. ती दिल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही.

दहाबारा वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका ऊसकरी शेतकऱ्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. असेच एक हेलिकॉप्टर त्याने जुने, मोडके असे कोणाकडून विकत घेतले होते, आणि दीड वर्ष खपून ते उडते केले होते. परीक्षांत तो नापास झाला नव्हता. हजेरी मात्र पातळ झाली होती. वडील एके दिवशी आमच्याकडे आले. दारातच थांबून म्हणाले, "सर, आमचं काय ऐकत नाही. तुमचं ऐकल. तुम्हीच सांगा त्याला." आम्ही मुलास बोलावून घेतले आणि गंभीर मुद्रेने विचारले, "अरे, याचा उपयोग काय?" तो वाद घालील अशी आमची अपेक्षा होती. तो नुसता हसला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, "विकलं, सर." आम्ही त्याची पाठ थोपटली.

त्याच सत्रात आम्ही वर्गास हॅझलिटचा एक निबंध शिकवीत होतो. १८२१ च्या त्याच्या निबंधसंग्रहातील हा निबंध हिंदी जादूगारांवर आहे. लंडनमध्ये एक हिंदी खेळिया चार पितळी चेंडू एकाच वेळी हवेत झेलताना हॅझलिटने पाहिला, आणि स्वतःस विचारले की, मी इतकी वर्षे लिहितो आहे. या माणसाच्या तोडीचे, इतके निर्दोष असे मला काय करिता येते? उत्तर आले: काही नाही. त्याची त्यास लाज वाटली. निबंधात पुढे तो प्रतिभेस हस्तकौशल्याहून वरचे स्थान देतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु एक गोष्ट तो निःसंदिग्धपणे मान्य करितो. चेंडू झेलणारास लबाडी करिता येत नाही. चेंडू हातात आला किंवा खाली पडला. मधली पळवाट नाही. लेखकास, वक्त्यास आणि प्राध्यापकास ती असते. आणि तोच हॅझलिट त्या निबंधाच्या शेवटी एका चेंडूपटूचा मृत्युलेख अशा आदराने देतो की जणू कोणी महापुरुष गेला. हे सारे आम्ही त्या वर्षी वर्गात रंगवून सांगितले. तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसून ते लिहून घेत होता. निबंध आम्हांस समजला नव्हता, एवढाच याचा अर्थ.

आज तो एका मोठ्या शहरात बऱ्या नोकरीवर आहे. तेव्हा आमचा उपदेश फळास आला, असे कोणीही म्हणेल. मध्यंतरी भेटला. आम्ही भीत भीत तो विषय काढला. "आता हात राहिला नाही, सर," एवढेच तो म्हणाला. ज्या विद्येत त्याचा हात बसला होता तीत आमचा प्रवेशही नव्हता, आणि तरी तिचे मोल आम्ही ठरविले. असो.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि धोक्याचा. हा एकच आक्षेप आम्हांस खरा वाटतो, म्हणून तो आम्ही आडून नव्हे तर समोरून घेतो. या यंत्राच्या पात्यांच्या टोकांचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक होतो. हे खेळणे नव्हे, ही तलवार आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका उद्यानात एका १९ वर्षांच्या कसबी तरुणाचा त्याच्याच हेलिकॉप्टराने बळी घेतला. तेव्हा गर्दीच्या डोक्यावर, जत्रेत, लग्नाच्या वरातीत किंवा पुढाऱ्याच्या स्वागतास हे यंत्र उडविणाऱ्याचा कैवार आम्ही घेत नाही. त्यास दंड व्हावा. बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने वर्षानुवर्षे घिरट्या घालीत आली आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आत परवानगीवाचून असली यंत्रे उडवू नयेत, हा २०२१ च्या ड्रोन नियमांचा दंडक येथे अक्षरशः पाळला गेला पाहिजे. भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात आणि कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा चरतो. तेथे तर या पंख्याचा आवाजही जाता कामा नये. कोणत्याही हौसेस मुक्या जिवांच्या घरात शिरण्याचा हक्क नाही.

पण धोका आहे म्हणून विद्या वर्ज्य, हे अनुमान आम्हांस मान्य नाही. जुलै २०२२ मध्ये त्याच कडबनवाडीच्या शिवारात एक शिकाऊ विमान कोसळले. आतील तरुणी जखमी झाली, पण सुदैवाने बचावली. म्हणून वैमानिकांचे शिक्षण बंद करा, असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. येथे तर चालक जमिनीवर उभा असतो. अंतर आणि शिस्त पाळली तर चुकीची किंमत देहाने नव्हे, पैशाने फेडता येते. आणि पैसा? तो लागतो, आणि गरिबाच्या मुलास तो परवडत नाही, हेही खरे. परंतु यावर उपाय काय? जे एकट्यास परवडत नाही ते दहांनी मिळून घ्यावे, हे सहकाराचे तत्त्व ज्या भागात साखर कारखान्यांनी घरोघर पोहोचविले, त्या भागातील लोकांस हे आम्ही सांगावयाचे? हाताचे पहिले शेकडो तास तर संगणकावरील आभासी आकाशातही घालविता येतात. तेथे कोसळण्यास पैसा पडत नाही.

शिवाय या आक्षेपकांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. कोसळणे हाच या विद्येचा खरा गुरू आहे. परीक्षेत चुकलेल्या विद्यार्थ्यास आम्ही दोनचार गुण कृपेचे देतो. गुरुत्वाकर्षण कृपेचे गुण देत नाही. त्यास वशिला चालत नाही, आडनाव कळत नाही. एक कसरत अशी आहे की तीत उंचावर यंत्राची शक्तीच तोडून टाकितात. मग पात्यांचा कोन किंचित उलट करून, पडतानाच्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवीत यंत्र खाली आणावयाचे. आणि जमीन जवळ येताच त्या पंख्यात साठलेला वेग एकदाच खर्चून, एकाच ओढीत, ते अलगद टेकवावयाचे. ओढ लवकर दिली तर यंत्र वरच्या वर बळ संपवून आदळते. उशिरा दिली तर तसेच आदळते. दुसरी संधी नाही. असा संयम, असे काळाचे भान शिकविणारा एखादा विषय आमच्या अभ्यासक्रमात आहे काय? आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. आम्हांस आठवत नाही.

शत्रूंस उत्तर दिले. आता मित्रांपासून सावध राहिले पाहिजे. काही मंडळी या तरुणांचा कैवार निराळ्या रीतीने घेतात. ती म्हणतात: यातून उद्योग निघेल, नोकऱ्या मिळतील, १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर "इन्जेन्युइटी" नावाचे लहानसे हेलिकॉप्टर उडाले, ते पाहा. ते उड्डाण थोरच होते, आणि परग्रहावर स्वतःच्या शक्तीने, नियंत्रित रीतीने उडालेले ते पहिले विमानयंत्र. एका महिन्यापुरते धाडलेले ते जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडाले. तरीही हा युक्तिवाद आम्ही नम्रपणे परत करितो. कसरतीस मंगळाची शिफारस लागत असेल तर ती कसरत हरलीच. उद्या ज्या मुलापासून उद्योग निघणार नाही त्यास आपण काय सांगावयाचे? पुन्हा तेच: विकून टाक?

आणि एक जात आहे ती गतवैभवाची. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले, ही कथा सांगताना आमच्या पुष्कळ बांधवांचा ऊर भरून येतो. त्याच ओघात "वैमानिक शास्त्र" नामक ग्रंथाचा हवाला दिला जातो. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो ग्रंथ तपासला आणि निष्कर्ष काढिला की, तो प्राचीन नाही, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत. तळपद्यांच्या धडपडीविषयी आम्हांस आदर आहे. धडपड्या माणसाविषयी तो असावाच. पण न पाहिलेल्या उड्डाणाचा अभिमान बाळगावयाचा आणि डोळ्यांदेखत झालेल्या उड्डाणास "उपयोग काय" म्हणून हसावयाचे, ही कोणती स्वाभिमानाची तऱ्हा? शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाने यंत्र उडविले की तो महर्षी, आणि आज समोरच्या माळावर त्याचाच नातू शोभणारा मुलगा ते उडवितो तो उनाड!

सारांश, आमची मागणी फार मोठी नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेत विमानप्रतिकृती घडविणे व उडविणे हे शिक्षणाचे एक अंग म्हणून चालत आलेले आहे. तेव्हा आम्ही अश्रुतपूर्व असे काही मागतो आहोत, असेही नाही. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान पीक न येणाऱ्या मुरमाड जमिनीस तोटा नाही. विमानतळापासून दूर, वस्तीपासून दूर आणि रानातील जिवांपासून दूर अशी चारपाच एकर जागा कोणा संस्थेने या मुलामुलींकरिता राखून ठेवावी. भोवती कुंपण घालावे, पाहणारांकरिता दोर बांधावा, शिकविणारा जाणता नेमावा, आणि नियम मोडणारास बाहेर काढावे. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या कार्यशाळेतील एक कोपरा मोडलेली यंत्रे जोडण्याकरिता द्यावा. यास कौशल्यविकास, नवोन्मेष वगैरे नावे देऊ नयेत. नाव दिले की अहवाल येतो, अहवाल आला की उद्दिष्ट येते, आणि उद्दिष्ट आले की तोच प्रश्न मागील दाराने आत शिरतो.

त्या गृहस्थांस आमचे उत्तर काय, असे कोणी विचारील. उत्तर असे: उपयोग नाही. चार एकर ऊस त्याने फवारला जाणार नाही, आणि त्याची लाज त्या तरुणास वाटण्याचे कारण नाही. माणसाने एक गोष्ट इतकी चांगली करावी की तीत लबाडीस जागा उरू नये, आणि तशी ती केलेली दुसऱ्यांनी पाहावी, यापलीकडे त्या पाच मिनिटांस समर्थन नको. बैलगाडीवाल्यांनी ते मागितले नव्हते. त्यांनी बैल थांबविले, वर पाहिले, आणि यंत्र उतरल्यावर कासरा हलवून ते कारखान्याच्या वाटेस लागले. तो प्रश्न सुचला तो शिकलेल्या माणसास.

आमच्यापुरते म्हणावयाचे तर हा प्रश्न आम्ही आयुष्यात एकदा विचारला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. पुन्हा विचारणार नाही.